घाम भरपूर, वजन तेवढेच? सायकलवर चरबी कशी जळते ते समजून घ्या

पहाटे उठून सायकल काढायची, अर्धा तास जीव तोडून पेडल मारायचे, घामाघूम होऊन घरी परतायचे आणि महिन्याने पाहावे तर वजनाचा काटा जागचा हललेला नाही! हौसेने सायकल चालवणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते. मग कुणी वेग आणखी वाढवतो, तर कुणी सायकल कायमची जिन्याखाली ठेवून देतो. खरे तर दोष सायकलचा नसतो. शरीर केव्हा कोणते इंधन वापरते, हेच आपल्याला ठाऊक नसते.

दोन इंधने, दोन मार्ग

पोळी-भाताची साखर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठते, पण साधारण 400 ते 500 ग्रॅमच. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाजवळही काही किलो असतो. ही चरबी जाळायला प्राणवायू लागतोच. सपाट रस्त्यावर मध्यम गतीने सायकल चालवताना तो पुरेसा मिळतो. हा एरोबिक व्यायाम.

उड्डाणपुलाचा चढ जोर लावून चढताना स्नायूंना झटपट ऊर्जा हवी असते. प्राणवायूच्या मार्गाने ती तितक्या लवकर मिळत नाही. तेव्हा शरीर प्राणवायूविनाच ग्लायकोजेन वापरू लागते. हा अनेरोबिक व्यायाम. म्हणूनच धाप लागते, मांड्यांत जळजळ होते आणि मिनिट-दोन मिनिटांत वेग मंदावतो.

मग रमतगमतच चालवावी का?

नाही. संथ गतीत चरबीचा वाटा मोठा असतो, पण एकूण खर्चच थोडा होतो. शेवटी दिवसभरात किती खाल्ले आणि किती खर्चले, यावरच चरबी घटते. जोराच्या छोट्या फेऱ्यांनी दम वाढतो आणि पुढे तोच रस्ता धाप न लागता अधिक वेगाने कापता येतो. त्यामुळे पाया एरोबिकचा, जोड अनेरोबिकची.

असे करून पाहा

* सुरुवात 20 मिनिटांनी करा. हळूहळू आठवड्यातून 4-5 दिवस, 45 मिनिटांपर्यंत जा.
* बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, हीच योग्य गती.
* महिना-दीड महिन्यानंतर एखाद्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर 30 सेकंदांच्या 4-5 वेगवान फेऱ्या मारा. प्रत्येकीनंतर 2 मिनिटे संथ चालवा.
* मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा बरीच वर्षे व्यायाम सुटला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा.

टपरीवरचा हिशेब

70 किलो वजनाच्या माणसाच्या तासभर सायकलने, वेगानुसार, सुमारे 300 ते 450 कॅलरी खर्च होतात. परतताना टपरीवर वडापाव आणि गोड चहा घेतला, तर त्यातला मोठा भाग तिथेच परत मिळतो. किलोभर चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. म्हणजे आहार न वाढवता तासभराच्या साधारण 17 ते 26 फेऱ्या!

हा आकडा पाहून खचू नका. महिन्या-दोन महिन्यांत कमरेचा पट्टा एक भोक आत सरकला आणि जिना चढताना दम लागेनासा झाला, तर समजा, सायकल आपले काम करते आहे.