२६ जानेवारीला व्हायोला हवी, तर बी ऑक्टोबरातच टाका

शाळेपुढे, ग्रामपंचायतीच्या अंगणात झेंडावंदनाला फुलं हवीत, म्हणून ऐन जानेवारीत रोपांची शोधाशोध सुरू होते. मग मिळेल त्या भावाने शहरातून रोपे आणावी लागतात. हीच रोपे गावातला शेतकरी करू शकतो. मात्र वेळ साधली पाहिजे.

व्हायोला आणि पॅन्झी ही थंडीची फुलझाडे. पॅन्झीचं फूल मोठं. व्हायोलाचं लहान, पण झाड फुलांनी भरून जातं. उन्हालाही व्हायोला थोडी जास्त दाद देते.

सगळा खेळ पेरणीचा. बी उगवायला १८ ते २० अंश तापमान मानवते. ऑक्टोबरच्या उन्हात ट्रे उघड्यावर ठेवला तर महागाचं संकरित बी वाया गेलंच म्हणून समजा. पहिल्या पंधरवड्यात, शेडनेटखाली गारव्याला पेरणी करावी. कोकोपीट व चाळलेले गांडूळ खत भरून बी टाकावे आणि वर पातळ थर द्यावा. या बियाला अंधार लागतो. १० ते १४ दिवसांत उगवण होते. अंकुर दिसताच ट्रे उजेडात घ्यावा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात.

खरा धोका मर रोगाचा. संध्याकाळी भरभरून पाणी दिलं, की सकाळी रोपं आडवी! पाणी सकाळीच, झारीने, बेताने द्यावे. भरण्याच्या मिश्रणात आधीच ट्रायकोडर्मा मिसळावे.

चार-पाच पाने आली, की रोपे पिशवीत किंवा वाफ्यात १५ ते २० सेंटिमीटरवर लावावीत. युरियाचा मारा करू नये. पाला माजतो, फूल रुसतं. मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. सुकलेली फुलं देठासकट खुडत राहावीत. बोंडं धरली की झाड फुलायचं थांबतं. संकरित झाडाचं बी पुढच्या सालासाठी धरू नये, फुलं सारखी येत नाहीत.

पेरणीपासून सुमारे १२ आठवड्यांत फुलं येतात. मार्चचं ऊन लागलं की खेळ संपला. उरलेली रोपं कुणी घेत नाही. तेव्हा शेतकरी बंधूंनो, मागणी नक्की झाल्याशिवाय ट्रे भरू नका. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही किती रोपे लागणार, हे सप्टेंबरातच सांगावे. गावचा पैसा गावात राहील आणि झेंड्याखाली फुलंही वेळेवर फुलतील.