जिल्ह्याच्या शाळांना नवा अधिकारी येतो तेव्हा

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तर तीरावर निशातगंज ही गजबजलेली वस्ती आहे. तेथील विद्याभवन या सरकारी वास्तूतून उत्तर प्रदेशाच्या शालेय शिक्षणाचा बराचसा कारभार चालतो. राज्यात 75 जिल्हे आहेत आणि प्रत्येक जिल्ह्यातील सरकारी प्राथमिक शाळांचा प्रमुख असतो ‘बेसिक शिक्षा अधिकारी’. या नावातील ‘बेसिक’ हा शब्द मराठी माणसाला अगदीच परका नाही. 1937 साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली, तिचीच ती खूण होय. टकळी वर्गातून गेली. शब्द मात्र कचेरीच्या पाटीवर राहिला.

बदल्यांची यादी निघाली की जिल्ह्याच्या कचेरीत नवे साहेब येतात. हार, पुष्पगुच्छ, शिक्षकसंघटनांची भाषणे असा सोहळा पार पडतो. त्यात वावगे काही नाही. पण त्या स्वागतात एक विसंगती दडलेली आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गावोगावचे निवडून आलेले शाळामंडळच आपला अधीक्षक निवडते आणि त्याच्याशी मुदतीचा करार करते. स्वागत करणारा तेथे निवड करणाराही असतो. आपल्याकडे ज्यांच्या मुलांसाठी अधिकारी येतो, त्यांना त्याच्या नेमणुकीत शब्द नसतो.

उत्तर प्रदेशात 1972 पर्यंत प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे होत्या. त्या वर्षीच्या कायद्याने त्या राज्यस्तरीय बेसिक शिक्षा परिषदेकडे गेल्या. महाराष्ट्राने त्याआधीच निराळी वाट धरली होती. 1 मे 1962 रोजी येथे जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. त्यामुळे, परिषद निवडून आलेली असते तेव्हा, शिक्षणाधिकाऱ्याला तिच्या शिक्षण समितीपुढे बसून उत्तरे द्यावी लागतात. लखनौकडील अधिकाऱ्याची नजर निशातगंजकडे लागलेली असते. या दोहोंत कोणती पद्धत निर्दोष आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु गावच्या प्रश्नाला गावाजवळच जाब विचारता यावा, हा महाराष्ट्राच्या पद्धतीचा गुण निश्चित आहे. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने जिल्हावार शाळामंडळे स्थापावीत आणि जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यास अधिक दर्जा व अधिकार द्यावेत, असे सुचविले होते. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते.

नव्या अधिकाऱ्याच्या मेजावर पहिल्या दिवशी काय येते? शिक्षकांच्या बदल्या, थकलेली देयके, निवृत्तिवेतन, न्यायालयातील दावे आणि इमारतींची दुरुस्ती. प्रत्येकामागे कोणीतरी पाठपुरावा करणारा असतो. तिसरीत बसूनही ज्याला ओळ वाचता येत नाही, त्या मुलाची मात्र फाइल नसते. सरासरीचे आकडेही फसवे असतात. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी साधारणतः तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. जिल्ह्याची सरासरी ते पुरे करीत असेल, तरी हमरस्त्यालगतच्या शाळेत शिक्षक जास्त आणि आडगावी एकच शिक्षक पाच इयत्ता सांभाळणारा, असे चित्र असू शकते. ते कोष्टकात दिसत नाही. शाळेत गेल्यावर दिसते.

काही प्रश्न तर अधिकाऱ्याच्या आधीच जिल्ह्यात येऊन बसलेले असतात. जून 2025 मध्ये उत्तर प्रदेशात कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश निघाला. पालक न्यायालयात गेले. महाराष्ट्रातही 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले गेले होते. कागदावर अंतर एक किलोमीटर असते. पण वाटेत ओढा असेल, तर सहा वर्षांच्या मुलीला ते पावसाळ्यात पार होत नाही. असा ओढा जुन्या अधिकाऱ्याने पाहिलेला असतो. तो जाताना हे ज्ञान कार्यभाराच्या कागदात क्वचितच उतरते, कारण त्यात किल्ल्या, रोकड आणि नोंदवह्या यांचाच हिशेब असतो.

ही उणीव भरून काढणारी माणसे गावातच आहेत. 2009 च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. पुष्कळ ठिकाणी या समित्या सहीपुरत्या उरल्या आहेत हे खरे. पण जेथे त्या जाग्या आहेत, तेथे नव्या अधिकाऱ्याच्या हाती हारासोबत हा आराखडाही ठेवता येतो. शौचालयाला पाणी कधीपासून नाही, कोणत्या महिन्यात मुले ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, दुसरा शिक्षक किती दिवस कागदावरच आहे, हे सारे त्यात तारखेनिशी लिहिलेले असले, तर निदान पहिल्या फेरीला कोणत्या शाळेकडे जीप वळवायची, एवढे तरी त्याला कोणाला विचारावे लागत नाही.