हॉस्पिसमध्ये नेणं म्हणजे हात टेकणं नव्हे

कॅन्सर शरीरभर पसरला, केमोचा उपयोग उरला नाही, की घरच्यांना सांगितलं जातं, "आता घरी घेऊन जा, करण्यासारखं काही नाही." हे अर्धंच खरं आहे. आजार बरा करण्यासारखं काही नसेल. पण दुखणं, धाप, मळमळ, पाठीला पडलेल्या जखमा, उडालेली झोप आणि घरच्यांची घालमेल यांवर करण्यासारखं खूप असतं. हॉस्पिस तेच करतं. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथून या कामाला आजचं रूप आलं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतच, वांद्र्याला: १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन.

सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज मॉर्फिनचा. अफूपासूनचं औषध, म्हणजे व्यसन लागणार. किंवा हे सुरू केलं म्हणजे माणूस लवकर जाणार. वस्तुस्थिती अशी की डॉक्टर थोड्या मात्रेपासून सुरुवात करतात आणि दुखणं किती उतरलं ते पाहून ती वाढवतात. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्यायची असते. रुग्ण कळवळेपर्यंत थांबलं, तर दुखणं आटोक्यात आणणं अवघड होतं. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करत नाहीत. पण वेदनेसाठी, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळच. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध देतात. योग्य मात्रेतल्या मॉर्फिनने मृत्यू अलीकडे ओढला जात नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांचं इतकं जंजाळ झालं, की अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले, तरी मॉर्फिन अजून सगळीकडे सहज मिळत नाही. इतक्या स्वस्त गोळीवाचून कुणी तळमळत राहावं, हे मला अक्षम्य वाटतं.

दुसरा गैरसमज जेवणाचा, आणि तो प्रेमातून येतो. आपल्याकडे आग्रह करून वाढणं हीच माया. म्हणून शेवटच्या दिवसांत "दोन घास तरी खा" चालू राहतं, नाहीतर "सलाईन तरी लावा". पण त्या वेळी शरीराची अन्नाची गरजच कमी झालेली असते. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नसतो. तो जायला लागलेला असतो, म्हणून खाणं थांबतं. बळेच भरवलं तर ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सलाईनने कधी अंगावर सूज येते, घशातली घरघर वाढते. तोंड ओल्या फडक्याने पुसणं, ओठ कोरडे पडू न देणं, मागेल तेव्हा चमचाभर पाणी देणं याने रुग्णाला खरा आराम मिळतो.

"इतक्यात कशाला?" हेही सर्रास ऐकू येतं. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार, निदानापासूनच मूळ उपचारांच्या जोडीने घेता येतात. हॉस्पिस हा त्यातला अखेरचा टप्पा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण होते. ज्यांना ही जोड लवकर मिळाली त्यांचं मन कमी खचलं, शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि त्यांच्या जगण्याचा मध्यक ११.६ महिने होता, इतरांचा ८.९ महिने.

आईला हॉस्पिसमध्ये ठेवलं तर लोक म्हणतील, टाकून आले, ही भीतीही असते. पण तसं नसतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. तिथे सेवा मोफत असते, आणि नातेवाइकाने रुग्णासोबत राहावं अशीच पद्धत आहे. कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची, हे तो शिकतो आणि मग घरी नेऊन नीट सांभाळतो. काही संस्थांच्या परिचारिका घरीही येतात. रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेला किंवा बायकोला "तुम्ही कशा आहात?" असं विचारणारी पहिली व्यक्ती बहुतेकदा ही परिचारिकाच असते.

राहिला इच्छामरणाचा प्रश्न. हॉस्पिसमध्ये मृत्यू घडवून आणत नाहीत. आपल्याला शेवटी व्हेंटिलेटर नको, हे आधी लिहून ठेवणं मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापासून वैध आहे. २०२३ पासून ते सोपंही झालं: दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करून घ्यायचं. हे पूर्ण शुद्धीत, मन ठिकाणावर असतानाच करावं लागतं, आणि आपल्या वतीने निर्णय घेण्यासाठी त्यात ज्याचं नाव घातलं, त्या माणसाशी आधी बोललेलं असावं.