तापाची किंमत कोणी मोजावयाची?

गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. या काळातील तीव्र तापाने ती अपुरी मिटण्याचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अर्थात बहुसंख्य बालके निरोगीच जन्मतात. परंतु तेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर असल्याचे ठाऊकही नसते.

२०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. रोजंदारीवरील स्त्रीला मात्र तापातही खाडा परवडत नाही. ताप अंगावर काढू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने तो त्वरित उतरवावा, हा उपदेश योग्यच. पण बुडालेली मजुरी भरून मिळाल्याखेरीज तो पाळला जाणार कसा? ही भरपाई म्हणजे दया नव्हे. उद्याच्या पिढीतील गुंतवणूक होय.