धावत्या मोटारीचा फोटो

सर्रकन मोटार गेली, आपण कळ दाबली, आणि फोटोत उमटला नुसता फराटा! असे का होते? ताशी १८० किलोमीटर वेगाने धावणारी शर्यतीची मोटार सेकंदाला ५० मीटर जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागातही ती ५ सेंटिमीटर सरकतेच.

म्हणून कॅमेऱ्यानेही तिच्याबरोबर धावावे. शटर १/२५० वर आणि फोकस सतत साधत राहील असा ठेवा. पाय रोवून कमरेतून वळा, फिरता फिरताच कळ दाबा, आणि दाबल्यावरही थांबू नका. मोटार रेखीव येईल, मागची गर्दी पुसट होईल.

मग शटर १/४००० वरच का नेऊ नये? तसे केले तर चाकेही गोठतात. जिवावर उदार होऊन हाकलेली गाडी दारात उभी केल्यासारखी दिसते! पहिले पुष्कळ फोटो फसतील. फसू द्या, हात त्यानेच बसतो.