यमूचे बिऱ्हाड

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘करमणूक’. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातच क्रमशः आली. तोवरच्या ‘मुक्तामाला’सारख्या (१८६१) कादंबऱ्यांत अद्भुत प्रसंगांची रेलचेल असे. हरिभाऊंनी यमूच्या तोंडून घरातलेच सांगितले. सासर, माहेर, बायकांची बोलणी, मानापमान. मुंबईत रघुनाथरावांबरोबर थाटलेल्या बिऱ्हाडात तिला मोकळेपण लाभते. वाचन आणि नवरा-बायकोचे मनमोकळे बोलणे, एवढेच तिथले सुख. पतीच्या मृत्यूने ते संपते. पुढे तिचे बळजबरीने केशवपन होते.

याच काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरून सभांत आणि वृत्तपत्रांत शास्त्राधारांची लढाई चालली होती. हरिभाऊंनी वाचकाला आधी यमूच्या बिऱ्हाडात नेऊन बसवले. तिथले सुख त्याला आपल्या घरातले वाटले, म्हणून ते हिरावले जाणेही जिव्हारी लागले. विधवेकडून समाज नेमके काय काढून घेतो, हे त्या साध्या दिवसांच्या वर्णनाशिवाय कळले नसते. रोजच्या सुखाला क्षुल्लक म्हणताना एवढे तरी लक्षात घ्यावे.