जेल नेलपॉलिशला सुरकुत्या का पडतात?

लखनौ : हिवाळ्याच्या लग्नसराईत लखनौच्या हजरतगंज, अमीनाबाद परिसरातील बाजार गजबजलेले असतात. पार्लरचा खर्च टाळून घरीच जेल नेलपॉलिश लावणाऱ्यांची तक्रार मात्र ठरलेली असते. नखावरचा थर गुळगुळीत न येता त्याला सुरकुत्या पडतात. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. सुरकुतलेल्या थराखाली बहुधा कच्चे जेल उरलेले असते आणि ते त्वचेला लागणे त्रासदायक ठरू शकते.

साधे नेलपॉलिश हवेने सुकते, जेल प्रकाशाने घट्ट होते. दिव्यातील अतिनील आणि त्यालगतच्या जांभळ्या प्रकाशामुळे, म्हणजे साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांमुळे, जेलमधील लहान रेणू एकमेकांना जोडले जातात. थर जाड असला की वरचा भाग आधी घट्ट होऊन आक्रसतो; खाली प्रकाश पुरेसा पोहोचतच नाही. गडद रंगांत ही अडचण अधिक, कारण रंगद्रव्यच प्रकाश शोषून घेते. त्यामुळे एका जाड थराऐवजी दोन-तीन अतिशय पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर स्वतंत्रपणे दिव्याखाली धरावा.

त्याआधीची तयारी कंटाळवाणी, पण निर्णायक असते. नखाच्या मुळाशी चिकटलेली मृत त्वचा काढावी, बारीक कानशीने पृष्ठभाग हलकेच घासावा आणि धूळ व तेलकटपणा अल्कोहोलने पुसावा. बाटली जोरात हलवल्यास बुडबुडे येतात. ती तळहातांमध्ये फिरवावी. जानेवारीत लखनौचे किमान तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसखाली जाते. अशा थंडीत जेल दाटते आणि ब्रशच्या रेषा तशाच राहतात. बंद बाटली काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवल्यास ते पुन्हा प्रवाही होते. थर दिल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबावे, म्हणजे जेल आपोआप समपातळीत येते.

शेवटच्या थरावर राहणारा चिकटपणा पाहून अनेकांना काम बिघडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हवेतील ऑक्सिजनमुळे अगदी वरचा पापुद्रा घट्ट होत नाही. तो धागे न सुटणाऱ्या कापडाने अल्कोहोल लावून पुसला की चमक दिसते. हे पुसताना तो बोटांना लागू देऊ नये.

अपुऱ्या घट्ट झालेल्या जेलमधील मेथाक्रिलेट वर्गातील रसायने त्वचेला वारंवार लागल्यास ॲलर्जी होऊ शकते. बोटांना खाज, लाली, फोड अशी लक्षणे दिसतात. कधी पापण्याही सुजतात. ही ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते. दातांच्या उपचारांतील काही साहित्यातही याच वर्गातील रसायने असल्याने पुढे तेथेही अडचण येऊ शकते. घरगुती संचांबाबत ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच इशारा दिला होता. जेल घट्ट होण्यास मदत करणाऱ्या ‘टीपीओ’ या घटकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे.

दिवा आणि जेल एकाच उत्पादकाचे असणे म्हणूनच हिताचे. त्वचेवर गेलेले जेल दिव्याखाली हात धरण्यापूर्वीच पुसावे. खाज सुटू लागल्यास वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जेल वापरल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.